लांबच्या सहलीत पहिलंच विमान लेट झालं तर?

दूरचा_पल्ला

मंडळी, नमस्कार. पुढच्या महिन्यात मी, बायको आणि आई असे तिघं मोठ्या सुट्टीवर निघतोय. रात्रीचं विमान, युरोपातल्या एका मोठ्या विमानतळावर उतरायचं, तिथून दुसरं विमान, तेही युरोपातच. ही दोन्ही एकाच तिकिटावर आहेत, कंपनी युरोपातली. मधे पावणेदोन तास मिळतात. पोचल्यावर चारेक तासांनी तिथूनच एका बेटावर जाणारं छोटं विमान आहे, पण ते वेगळ्या स्वस्त कंपनीचं, वेगळं काढलेलं. बेटावर त्याच संध्याकाळी ग्रुप टूरची ओळखपाळख आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बोट सुटते.

कागदावर सगळं बसतंय. पण पहिलंच विमान तीन तास उशिरा निघालं तर पुढचं काय काय गडगडेल हे मोजायला बसलो आणि झोप उडाली. अशा वेळी कुणाला आधी गाठायचं? पैसे परत घ्यायचे की दुसरं विमान मागायचं? भरपाई खरंच मिळते का? "विमानतळावर लवकर पोचा" हा सल्ला कृपया नको. मी लवकरच पोचतो, विमान पोचत नाही.

सदाउशीर

शेवटच्या वाक्याला +१.

एक लक्षात घ्या. परतीचं विमान लेट झालं तर माणूस फार तर घरी उशिरा पोचतो आणि कामाला दांडी पडते. जातानाचं लेट झालं तर त्याच्यामागे हॉटेल, गाडी, बोट, ग्रुप असं सगळं रांगेत उभं असतं आणि त्यातलं कुणीच तुमच्यासाठी थांबत नाही. म्हणून जाताना आणि येताना सारखाच वेळ मधे ठेवणं मला कधी पटलं नाही. सगळी ढील जाताना द्यावी, येताना घट्ट बांधलं तरी चालतं.

रॅम्पवाला

ग्राउंड हँडलिंगमध्ये बरीच वर्षं काढली, त्यामुळे काउंटरच्या पलीकडून दिसतं ते सांगतो.

उशीर बहुतेक वेळा तुमच्या विमानतळावर जन्मत नाही. तुमचं विमान दिवसभर इकडून तिकडे फिरत आलेलं असतं. सकाळी कुठेतरी चाळीस मिनिटं गेली की ती पुढच्या प्रत्येक फेरीला चिकटतात. म्हणून निघायच्या चार-पाच तास आधी स्वतःच्या फ्लाइटचा नंबर बघत बसण्यापेक्षा, तुमच्यासाठी येणारं विमान सध्या कुठे आहे ते बघा. फ्लाइटरडार२४ सारख्या साइटवर विमानाचा नोंदणी क्रमांक आणि त्याच्या आधीच्या फेऱ्या दिसतात. ते विमान अजून तीन तास लांब असेल आणि स्क्रीनवर "ऑन टाइम" झळकत असेल, तर स्क्रीनवर विश्वास ठेवू नका. स्क्रीन उशिरा बदलतो. ऐन वेळी विमानच बदलून देतात हेही होतं, पण अंदाज यायला एवढं पुरतं.

दुसरं म्हणजे क्रूच्या ड्यूटीचे तास. वैमानिक आणि केबिन क्रू यांना कायद्याने ठरवून दिलेल्या वेळेपलीकडे उडता येत नाही. विमान जागेवर, प्रवासी जागेवर, हवा स्वच्छ, आणि तरी उड्डाण सकाळवर जातं ते यामुळे. लेट आधी वीस मिनिटं, मग पन्नास, मग दोन तास असा हप्त्याहप्त्याने वाढायला लागला की गेटवर विचारा, "क्रूचे तास पुरतायत ना?" नेमकं विचारणाऱ्याला नेमकं उत्तर मिळायची शक्यता जास्त असते.

तिसरं, दारं बंद करून तासभर जागेवर उभं का ठेवतात यावर लोक फार चिडतात. युरोपात गर्दीच्या वेळी उड्डाणाला स्लॉट मिळतो. त्या वेळेच्या ५ मिनिटं आधीपासून १० मिनिटं नंतरपर्यंत विमान हवेत जायला हवं. स्लॉट अचानक पुढे सरकू शकतो, आणि तेव्हा सगळे आत बसलेले आणि दारं बंद असतील तरच तो पकडता येतो. प्रवाशांना टर्मिनलमध्ये मोकळं सोडलं की ते गोळा करण्यातच तो स्लॉट जातो.

चाकांची_बॅग

रॅम्पवाला, तो दारं बंद करण्याचा खुलासा पहिल्यांदाच कुणीतरी नीट केला. आभार.

धागाकर्ते, तुमच्या बेतात दोन जोड आहेत आणि त्या अगदी वेगळ्या जातीच्या आहेत. पहिली जोड एकाच तिकिटावर आहे. तिथे पावणेदोन तास विमानतळाच्या किमान कनेक्शन वेळेत बसतात म्हणूनच साइटने ते विकले. चुकलं तर पुढच्या विमानात बसवणं कंपनीचं काम, बॅगाही त्यांच्याच जबाबदारीवर. दुसऱ्या जोडीत तुम्ही दोन अनोळखी कंपन्यांमध्ये स्वतः गाठ मारली आहे. स्वस्त कंपनीच्या लेखी तुम्ही वेळेवर न आलेला प्रवासी, म्हणजे नो-शो. तुमचं आधीचं विमान लेट होतं, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. शिवाय तिथे बॅगा पट्ट्यावरून घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागणार, त्यांचा बॅग-ड्रॉप उड्डाणाच्या आधीच बंद होतो. चार तास ऐकायला भरपूर वाटतात, त्यातले हातात किती उरतात ते मोजा.

निवांत

उगाच घाबरवू नका त्यांना. अशा गाठी मारून मी कित्येकदा गेलोय, काही होत नाही. बहुतेक विमानं वेळेवर असतात.

आणि पहिलं विमान फारच लेट दिसलं तर दुसऱ्या कंपनीचं तिकीट काढून थेट मधल्या विमानतळावर जायचं आणि तिथून आपल्याच तिकिटावर पुढे. सोपं आहे.

चाकांची_बॅग

निवांतदादा, पहिल्या परिच्छेदावर वाद नाही, ज्याची त्याची धडधड. दुसरा मात्र कुणी अमलात आणू नका! एका तिकिटावरचं पहिलं उड्डाण तुम्ही न कळवता सोडलं की सिस्टिम सहसा पुढची सगळी उड्डाणं रद्द करते, परतीचंसुद्धा. मधल्या विमानतळावर पोचाल आणि तिथे तुमच्या नावावर काहीच नसेल.

निवांत

परतीचंसुद्धा? हे लक्षात नव्हतं आलं. मागे घेतो.

खिडकीजवळची

ॲपवर उशिराचा मेसेज येतो तेव्हा खाली बरेचदा दोन बटणं असतात. एक पैसे परत, दुसरं उड्डाण बदलून घ्या. घाईत "पैसे परत" दाबू नका. ते दाबलं की कंपनी तुमच्या पुढच्या प्रवासातून मोकळी झाली. खाणं नाही, हॉटेल नाही, दुसरं विमान नाही. तुमच्या हातात काही महिन्यांपूर्वीच्या स्वस्त तिकिटाचे पैसे, आणि समोर आजच्या आज निघणाऱ्या विमानाचा भाव. शिवाय परतीचं तिकीट त्याच पीएनआरवर असेल तर तेही त्या बटणाबरोबर जाऊ शकतं. लांबच्या सहलीच्या सुरुवातीला रीफंड घेणं फक्त एकाच वेळी शहाणपणाचं, जेव्हा सहलच रद्द करायची ठरवली असेल.

काउंटरवर "आता काय करू?" असं विचारू नका. रांगेत उभं असतानाच पुढची दोन-तीन विमानं शोधून ठेवा, भागीदार कंपन्यांची धरून. "अमुक नंबरच्या विमानात तीन जागा दिसतायत, त्यात बसवा" असं म्हटलं की समोरच्याचं अर्धं काम झालेलं असतं. रात्री दोन वाजता दीडशे लोकांना तोंड देणारी व्यक्ती असते ती. तिच्यावर ओरडून जागा वाढत नाहीत.

सदाउशीर

रांगेत एकजण, फोनवर दुसरा, ॲपवर तिसरा. तिघं आहात, वाटून घ्या. ज्याला आधी यश येईल त्याने बाकीच्या दोघांना लगेच थांबवायचं, नाहीतर एकाने केलेला बदल दुसरा पुसून टाकतो. फोन लागत नसेल तर त्याच कंपनीचा दुसऱ्या देशातला नंबर लावून बघा, तिथे दिवस असतो आणि रांग छोटी.

कलम_आणि_पोटकलम

भरपाईबद्दल. कंपनी युरोपियन युनियनमधली आहे असं धरतो. तसं असेल तर २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम तुम्हाला लागू पडतो. युनियनमधून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या उड्डाणाला तो लागू आहे, आणि बाहेरून युनियनमध्ये येणाऱ्या उड्डाणाला कंपनी युनियनमधली असेल तरच.

मोजमाप शेवटच्या ठिकाणच्या उशिराचं होतं, आणि शेवटचं ठिकाण म्हणजे त्या तिकिटावरचं शेवटचं. पहिलं विमान एकच तास लेट झालं, पण त्यामुळे दुसरं चुकलं आणि तुम्ही पाच तास उशिरा पोचलात, तर हिशेब पाच तासांचा. तीन तास किंवा जास्त उशीर असेल तर अंतराप्रमाणे माणशी २५०, ४०० किंवा ६०० युरो. ३५०० किलोमीटरच्या पुढच्या प्रवासाला ६००, पण उशीर तीन ते चार तासांमधला असेल तर कंपनी तो अर्धा करू शकते.

पळवाट म्हणजे "असाधारण परिस्थिती". वादळ, हवाई नियंत्रकांचा संप, बंद झालेलं आकाश यात मोडतं. रोजच्या वापरात निघणारा तांत्रिक बिघाड सहसा मोडत नाही, हे युरोपीय न्यायालयाने २००८ मध्येच सांगितलंय. कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांनी पगारासाठी केलेला संपही नाही (२०२१ चा निकाल). काउंटरवर "टेक्निकल आहे, भरपाई नाही" असं ऐकवतात तेव्हा मान डोलावून घरी जाऊ नका.

खाणंपिणं, दोन फोन, रात्र काढावी लागली तर हॉटेल आणि तिथपर्यंतची गाडी, हे कारण काहीही असलं तरी द्यावंच लागतं. २०१० मध्ये आइसलंडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपचं आकाश बंद पडलं होतं, आठवत असेल. भरपाई नाही, पण सांभाळ करायलाच हवा होता, असा निकाल त्यावर २०१३ मध्ये आला. व्हाउचर मिळालं नाही तर स्वतः खर्च करा, माफक करा आणि प्रत्येक पावती ठेवा.

दूरचा_पल्ला

वा, एवढी माहिती एका रात्रीत! कंपनी युनियनमधलीच आहे. मग बेटाचं विमान चुकलं, टूरचा एक दिवस बुडाला, याचेही पैसे या नियमात येतात का?

कलम_आणि_पोटकलम

नाही. ती ठरावीक रक्कम वेळ गेल्याबद्दल असते. प्रत्यक्ष नुकसानीसाठी १९९९ चा मॉन्ट्रियल करार आहे. उशिरामुळे झालेलं नुकसान पावत्यांनिशी मागता येतं, माणशी कमाल ६,३०३ एसडीआरपर्यंत (एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक, ही मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासूनची). पण उशीर टाळण्यासाठी शक्य ते सगळं केलं होतं, हे कंपनीने दाखवलं तर काही मिळत नाही. आणि वेगळ्या तिकिटाबद्दल कंपनी वाद घालणारच. दाव्याला दोन वर्षांची मुदत आहे. मागायला जरूर मागा, पण या पैशांच्या भरवशावर सहल आखू नका.

खिडकीजवळची

कायदा सहल संपल्यावरचा झाला. आधी आईंचं बोलूया. व्हीलचेअर सांगितली आहे का?

दूरचा_पल्ला

हो, गुडघ्यांमुळे लांब चालवत नाही. तिकिटावर नोंद केली आहे. शिवाय रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर लागतात.

खिडकीजवळची

मग पावणेदोन तासांचा हिशेब नव्याने करा. मदत घेणाऱ्या प्रवाशांना विमानात सगळ्यात आधी चढवतात, पण उतरवतात सगळ्यात शेवटी. विमान रिकामं होईपर्यंत तुम्ही तिघं आतच. नंतर खुर्ची आणि माणूस येईपर्यंत थांबायचं. एक फायदा मात्र आहे. मदतनीस बरोबर असेल तर सुरक्षा तपासणी आणि पासपोर्टच्या रांगेत तो तुम्हाला सहसा वेगळ्या मार्गाने नेतो, आणि पुढच्या गेटला तुम्ही येताय हे कळवलेलं असतं.

उड्डाण बदलून मिळालं की नवीन उड्डाणावर व्हीलचेअरची नोंद आली का हे तिथल्या तिथे विचारा. बदलताना ती कधी कधी गळते. आणि तिघांचा पीएनआर एकच आहे ना? वेगवेगळे असतील तर काउंटरला सांगून जोडून घ्या, नाहीतर गर्दीत दोघांना आजची जागा आणि आईंना उद्याची असं होऊ शकतं.

गोळ्या हातातल्या बॅगेत, दोन-तीन दिवसांच्या जास्तीच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. रात्र विमानतळावर गेली तर आत दिलेल्या बॅगा परत मिळतीलच असं नाही. पॉवर बँक तशीही हातातच ठेवावी लागते, बॅगेजमध्ये चालत नाही. १०० वॉट-अवरपर्यंतची बहुतेक ठिकाणी विनापरवानगी चालते.

अधूनमधून

वाचतेय. धाग्याची प्रिंट काढून ठेवणार.

एक शंका. कनेक्शन चुकून रात्र मधेच काढावी लागली तर व्हिसाचं काय? आमच्या ओळखीच्यांना हॉटेल मिळालं होतं, पण बाहेर जाता येईना.

रॅम्पवाला

चांगला मुद्दा. धागाकर्त्यांचं शेवटचं ठिकाण युरोपातच आहे, म्हणजे बहुधा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) असेलच, त्यांना अडचण नाही. फक्त व्हिसाची सुरुवातीची तारीख बघून घ्या.

पण जे युरोपात फक्त विमान बदलून तिसरीकडे जातायत आणि व्हिसा नाही, त्यांना हॉटेलचं व्हाउचर मिळूनही ट्रान्झिट भागातच रात्र काढावी लागू शकते. अशा प्रवाशांनी आणखी एक गोष्ट पाहायची. रिबुकिंग करताना सिस्टिम कधी कधी दोन शेंगेन विमानतळांवरून जाणारा रस्ता काढते. त्या दोघांमधलं उड्डाण देशांतर्गत असल्यासारखं धरलं जातं, म्हणजे पहिल्या ठिकाणी इमिग्रेशन, म्हणजे व्हिसा हवाच. काउंटरवरच्या माणसाच्या हे लक्षात येईलच असं नाही, तुम्ही सांगा.

निवांत

ट्रॅव्हल इन्शुरन्स आहे ना, मग कशाला एवढं?

चाकांची_बॅग

पॉलिसी उघडून वाचा. उशिराचा लाभ बरेचदा ६ किंवा १२ तासांनंतरच सुरू होतो. तुमचं सगळं कोसळायला तीन तास पुरतात. चुकलेलं कनेक्शन हे वेगळं कलम असतं आणि वेगळ्या तिकिटांवर स्वतः मारलेली गाठ त्यात येते का, हे विमा घेण्याआधी लेखी विचारा. दावा करताना उशिराचं कारण आणि वेळ लिहिलेलं कंपनीचं पत्र लागतं. ते त्याच दिवशी काउंटरवर मागा किंवा साइटवरून काढून ठेवा.

सदाउशीर

हॉटेलला कळवायचं राहू नये. पहिल्या रात्री तुम्ही आला नाहीत आणि कळवलंही नाहीत, तर काही ठिकाणी पूर्ण मुक्कामाचं बुकिंग रद्द करतात. "उद्या येतोय, खोली सोडू नका" एवढा एक ईमेल पुरतो, आणि ईमेलच करा, फोनवर कोण काय बोललं ते नंतर सापडत नाही. भाड्याची गाडी असेल तर बुकिंगमध्ये फ्लाइट नंबर टाका, आणि त्यांचा काउंटर रात्री किती वाजता बंद होतो ते आधी बघा.

दूरचा_पल्ला

अपडेट. बसून सगळं उलटसुलट केलं. बेटाचं विमान बदलण्याचे पैसे भरून दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या उड्डाणावर नेलं. मधल्या रात्री विमानतळाजवळच मुक्काम. ओळखपाळखीची संध्याकाळ बुडेल, पण बोट दुपारी आहे. टूरवाल्यांना विचारलं, बोट चुकलीच तर काय? त्यांनी सांगितलं की तिसऱ्या दिवशी बोट दुसऱ्या बंदराला लागते, तिथे फेरीने येऊन चढता येतं. हे त्यांच्या माहितीपत्रकात कुठेही नव्हतं, विचारल्यावर कळलं.

बायकोचं म्हणणं, विमान वेळेवर आलं तर अख्खी संध्याकाळ विमानतळाशेजारी फुकट जाणार. तेही खरंय.

रॅम्पवाला

सकाळचं पहिलं उड्डाण छान निवडलंत. ते विमान बहुतेक वेळा रात्री तिथेच मुक्कामाला असतं, त्यामुळे दिवसभराचा साचलेला उशीर त्याच्या वाट्याला येत नाही. धुकं पडलं तर मात्र पहिला फटका त्यालाच.

वहिनींना सांगा, आई रात्रभर प्रवास करून आलेल्या असतील. ती संध्याकाळ त्यांच्या गुडघ्यांच्या कामी येईल.

अधूनमधून

आणि माणसं पोचली पण बॅगा नाही आल्या तर? घाईघाईत कनेक्शन पकडलं की हेच होतं ना?

रॅम्पवाला

होतं. तुम्ही पळत गेट गाठू शकता, बॅग पळत नाही. पट्टा थांबला आणि बॅग नाही, तर आगमन कक्षातून बाहेर पडायच्या आधी बॅगेज काउंटरवर तक्रार नोंदवा आणि तिचा नंबर घ्या. त्या कागदाला पीआयआर म्हणतात. बोर्डिंग पासला चिकटवलेलं बॅगेचं स्टिकर तोवर फेकू नका, शोध त्यावरच्या नंबरने लागतो. पत्ता देताना फक्त पहिलं हॉटेल देऊ नका. धागाकर्त्यांनी रात्रीचं हॉटेल, बेट आणि बोटीचं दुसरं बंदर असे तिन्ही तारखांसकट लिहून द्यावेत, नाहीतर बॅग त्यांच्या एक मुक्काम मागून फिरत राहील.

कलम_आणि_पोटकलम

पुरवणी: उशिरा मिळालेल्या बॅगेची लेखी तक्रार ती हातात आल्यापासून २१ दिवसांत, मोडतोड असेल तर ७ दिवसांत. पीआयआर केला म्हणजे झालं असं समजू नका, ही तक्रार कंपनीकडे वेगळी पाठवा.

दूरचा_पल्ला

नोंद केली. शेवटचा प्रश्न, मग त्रास देत नाही. तीन तासांचा उशीर धरताना कोणती वेळ धरतात? चाकं टेकली ती, की गेटला लागलं ती? आईमुळे आम्ही शेवटी उतरणार, म्हणजे आमची वेळ वेगळी धरतात का?

कलम_आणि_पोटकलम

दोन्ही नाही, आणि तुमची वेगळीही नाही. २०१४ च्या निकालाप्रमाणे विमानाचं निदान एक दार उघडून प्रवाशांना बाहेर पडायची परवानगी मिळते ती वेळ धरतात. दोन तास पंचावन्न मिनिटांना धावपट्टीवर उतरलात आणि दार तीन तास चार मिनिटांनी उघडलं, तर उशीर तीन तास चार मिनिटांचा. तुम्ही शेवटपर्यंत आत बसणारच आहात, तर दार उघडलं की मोबाइलच्या घड्याळाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.